अपघातग्रस्ताची भरपाई आणि वकिलाचे शुल्क

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाच्या शेजारी वसले आहे. शेतीवर जगणाऱ्या या गावाच्या शिवारात गेल्या दोन-अडीच दशकांत उंच इमारती उभ्या राहिल्या आणि गावच्या रस्त्याचे रूप पालटले. बैलगाडी आणि सायकल यांच्यासाठी पुरेसा असलेला रस्ता आता काँक्रीटचे मिक्सर, पाण्याचे टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि असंख्य दुचाक्या यांचा भार वाहतो. येथील रहिवासी रोज हिंजवडी, चाकण, तळेगाव या दिशांना कामासाठी जातात आणि रात्रपाळी आटोपून परततात. अशा ठिकाणी अपघात होतात आणि प्रत्येक अपघातामागे एक कुटुंब अडचणीत येते.

अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात घरातील माणसे रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेली असतात. औषधांची बिले वाढत असतात आणि कायद्याची माहिती कोणालाच नसते. नेमक्या त्याच वेळी कोणीतरी परिचित अगर अपरिचित मनुष्य जवळ येतो आणि सांगतो, "तुम्हाला एक पैसाही खर्च नाही. भरपाई मिळाली की आमचे वीस टक्के." वकीलपत्रावर सही होते, कोऱ्या कागदावरही होते, आणि पुढील कित्येक वर्षांचा निर्णय त्या एका क्षणात होऊन जातो. अशी सही करण्यापूर्वी जखमी व्यक्तीस आणि तिच्या वारसांस काय माहीत असावे, याचे विवेचन या लेखात केले आहे. गावात प्रथम सल्ला विचारला जातो तो शिक्षकांना, ग्रामपंचायत सदस्यांना आणि शासकीय कर्मचाऱ्यांना. म्हणून हा विषय त्यांच्यापुढे मांडणे उचित ठरेल.

भरपाई हा हक्क होय

दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे इजा झाल्यास नुकसानभरपाई मागता येते, हे तत्त्व आपल्याकडे जुने आहे. १८५५ च्या प्राणांतिक अपघात अधिनियमाने मृताच्या कुटुंबीयांना तो हक्क दिला. तथापि त्यासाठी दिवाणी न्यायालयात रीतसर दावा लावावा लागे आणि मागणीच्या प्रमाणात न्यायालयीन शुल्क भरावे लागे. गरिबाला हा मार्ग परवडणारा नव्हता. १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमात १९५६ साली दुरुस्ती होऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली. कमी खर्चात आणि साध्या कार्यपद्धतीने निकाल मिळावा, हाच या न्यायाधिकरणांचा हेतू होता.

पुढे १९८२ च्या दुरुस्तीने, चालकाची चूक सिद्ध न करताही ठरावीक रक्कम देण्याचे तत्त्व कायद्यात आले. त्या वेळी ही रक्कम मृत्यूसाठी १५,००० रुपये आणि कायमच्या अपंगत्वासाठी ७,५०० रुपये होती. सध्या मोटार वाहन अधिनियम, १९८८ लागू असून, २०१९ च्या दुरुस्तीतील भरपाईविषयक तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून अमलात आल्या आहेत. कलम १६४ अन्वये चूक सिद्ध न करता मृत्यूबद्दल ५ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल अडीच लाख रुपये मिळू शकतात. कलम १६६ अन्वये मात्र प्रत्यक्ष नुकसानीचा हिशेब मांडून "न्याय्य" भरपाई मागता येते. तेथे समोरच्या वाहनचालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कलम १६४ ची ठरावीक रक्कम विहित कार्यपद्धतीने एकदा स्वीकारली की कलम १६६ खालील दावा संपुष्टात येतो. ज्या तरुणाचा पाय कायमचा निकामी झाला आहे, त्याची प्रत्यक्ष हानी अडीच लाखांहून कितीतरी अधिक असू शकते. सबब विमा कंपनीच्या प्रस्तावावर सही करण्याआधी दोन्ही रकमांची तुलना करून पाहावी.

दावा कोठे आणि केव्हा

कलम १६६ प्रमाणे अपघात जेथे घडला तेथील, अर्जदार जेथे राहतो अगर व्यवसाय करतो तेथील, किंवा प्रतिवादी जेथे राहतो तेथील न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो. ही निवड अर्जदाराची असते. मारुंजीच्या रहिवाशाला सोलापूर मार्गावर अपघात झाला तरी त्याला सोलापूरच्या फेऱ्या मारण्याचे कारण नाही. पुणे येथील न्यायाधिकरणात त्याचा अर्ज चालू शकतो.

मुदतीचा नियम अनेकदा बदलला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मुदतीची अट काढून टाकण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत पुन्हा घालण्यात आली. या तरतुदीच्या वैधतेला आव्हान देण्यात आले असून, अर्ज मुदतबाह्य म्हणून फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. तथापि अंतरिम आदेशावर विसंबून स्वस्थ बसणे हिताचे नाही. सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

पोलिसांवरही कायद्याने निश्चित कर्तव्ये सोपविली आहेत. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणास आणि विमा कंपनीस कळवावयाचा असतो, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत सादर करावयाचा असतो. अपघातग्रस्ताला त्याच्या हक्कांचे माहितीपत्रक देणे हेदेखील त्याच अधिकाऱ्याचे काम आहे. पोलिसांकडून आलेला अहवाल हाच भरपाईचा अर्ज म्हणून न्यायाधिकरणाने धरावा, अशी तरतूद कलम १६६ मध्ये आहे. १५ डिसेंबर २०२२ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे निर्देश सर्व राज्यांना दिले. पोलीस ठाण्यातून कागद मिळविण्यासाठी मध्यस्थाची गरज आहे, असे जे सांगितले जाते, त्याला यामुळे आधार उरत नाही.

भरपाई कशी मोजतात

सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली दिलेल्या निर्णयांनी भरपाईची रीत बरीचशी निश्चित केली आहे. वार्षिक उत्पन्न धरावयाचे, त्यात भविष्यातील वाढीसाठी ठरावीक टक्के मिळवावयाचे आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे, अशी ती रीत आहे. जखमीच्या बाबतीत शरीराचे अपंगत्व किती टक्के, एवढेच पाहून भागत नाही. त्या अपंगत्वामुळे त्याची कमाईची शक्ती किती घटली, हे पाहावे लागते. उजव्या हाताची दोन बोटे गमावलेल्या शिक्षकाचे नुकसान निराळे आणि त्याच इजेने काम सुटलेल्या यंत्रचालकाचे निराळे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ३२ वर्षे वयाच्या, मासिक १५,००० रुपये ठोक वेतनावर काम करणाऱ्या चालकाची कमाईची शक्ती ३० टक्क्यांनी घटली आहे. त्याचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. भविष्यातील वाढीचे ४० टक्के मिळविल्यावर ते २,५२,००० रुपये होते. त्याचे ३० टक्के म्हणजे ७५,६०० रुपये ही त्याची दर वर्षाची हानी. ३१ ते ३५ या वयोगटाचा गुणक १६ आहे. सबब कमाईच्या हानीची भरपाई १२,०९,६०० रुपये होते. वैद्यकीय खर्च, वेदनांबद्दलची रक्कम, उपचारकाळात बुडालेली मजुरी आणि व्याज हे सर्व याव्यतिरिक्त.

आता वीस टक्क्यांचा अर्थ पाहू. १२,०९,६०० रुपयांचे वीस टक्के म्हणजे २,४१,९२० रुपये. या माणसाची वर्षाची हानी ७५,६०० रुपये धरली, तर दिलेला वाटा त्याच्या तीन वर्षांहून अधिक काळाच्या हानीइतका भरतो. न्यायाधिकरणाने जी रक्कम त्याच्या उर्वरित आयुष्याच्या आधारासाठी मोजून दिली, तिच्यातून तीन वर्षांचा घास आधीच काढला जातो. भरपाईची रक्कम दिसायला मोठी असते. परंतु ती एका हाताची, एका पायाची अगर घरातील कर्त्या पुरुषाची किंमत असते आणि ती पुन्हा मिळत नाही.

टक्केवारीचा करार अवैध

भारतातील वकिलांना निकालावर अवलंबून असणारे शुल्क ठरविण्यास अगर मिळालेल्या रकमेत वाटा घेण्यास भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी स्पष्ट मनाई केली आहे. हा विचार नवा नाही. अशिलाला मिळणाऱ्या रकमेचा निम्मा हिस्सा घेण्याचा करार करणाऱ्या मुंबईच्या एका वकिलाचे प्रकरण १९५४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. सामान्य व्यक्तीने असा करार केला तर तो प्रत्येक वेळी बेकायदेशीर ठरेलच असे नाही. परंतु वकिलाने तसे करणे हे व्यावसायिक गैरवर्तन होय, असे न्यायालयाने त्या वेळी ठरविले.

अलीकडचा निर्णय ५ डिसेंबर २०१७ चा आहे. तेलंगणातील एका महिलेचा पती मोटार अपघातात मरण पावला होता. भरपाई मंजूर झाल्यावर तिच्या वकिलाने भरपाईच्या टक्केवारीने शुल्क मागितले. दहा लाख रुपये दिल्यानंतरही आणखी तीन लाखांच्या धनादेशावर आपली सही घेतली गेली, असे तिचे म्हणणे होते. धनादेश न वटल्यामुळे तिच्यावरच फौजदारी खटला दाखल झाला. टक्केवारीवर आधारलेली शुल्काची मागणी सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असून तिच्या वसुलीसाठी असा खटला चालू शकत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. वकिलांच्या शुल्काचे नियमन करणारा कायदा असावा, या विधी आयोगाच्या १९८८ च्या अहवालातील विचाराकडेही न्यायालयाने त्या निर्णयात लक्ष वेधले.

इतर देशांत हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. अमेरिकेत इजेच्या दाव्यांत वाट्याच्या रूपाने शुल्क घेण्याची पद्धत रूढ आहे. इंग्लंडमध्ये "जिंकलो तरच शुल्क" असा करार करता येतो. मात्र एप्रिल २०१३ पासून यशाबद्दलच्या जादा शुल्कावर मर्यादा असून, भविष्यातील हानीची रक्कम वगळून उरलेल्या भरपाईच्या २५ टक्क्यांपलीकडे ते जाऊ शकत नाही. जखमीच्या पुढील आयुष्यासाठी दिलेल्या पैशाला हात लागू नये, हा विचार तेथेही आहे. आपल्या कायद्याने त्याच हेतूने संपूर्ण मनाईचा मार्ग पत्करला.

याचा अर्थ वकिलाने विनामूल्य काम करावे असा नव्हे. अपघाताच्या दाव्यात साक्षी, वैद्यकीय पुरावा आणि विमा कंपनीचा प्रतिवाद असतो. तो चालविण्यास अभ्यास आणि श्रम लागतात, आणि प्रामाणिकपणे काम करणारे वकील पुष्कळ आहेत. शुल्क जरूर द्यावे. परंतु ते कामाचे असावे, रक्कम आधी ठरलेली असावी आणि तिची पावती घ्यावी. ते हप्त्यांनी देण्याचेही परस्परसंमतीने ठरविता येईल. कोऱ्या कागदावर सही करणे, कोरा धनादेश देणे, बँकेचे पुस्तक अगर कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात देणे या गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. शुल्काच्या वादामुळे वकिलास प्रकरणाची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. गैरवर्तनाची तक्रार महाराष्ट्र आणि गोवा वकील परिषदेकडे करता येते. गिऱ्हाईक मिळवून देणाऱ्या दलालांविरुद्ध २०२३ च्या दुरुस्तीने अधिवक्ता अधिनियमात तरतूद करण्यात आली आहे.

खर्च परवडत नसल्यास

"पैसे नाहीत म्हणून टक्केवारी मान्य केली" असे अनेक कुटुंबे सांगतात. यावर कायद्यात उपाय आहे. समान न्याय आणि मोफत विधी साहाय्य हे तत्त्व १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क म्हणून संविधानात आले. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ हा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ नुसार महिला, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी सेवा मिळू शकते. या वर्गांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे.

मारुंजीसारख्या गावाच्या संदर्भात याचा अर्थ ध्यानी घेण्याजोगा आहे. अपघातात पती गमावलेली स्त्री, वडील गमावलेले मूल, अपघाताने अपंग झालेला तरुण आणि कारखान्यातील कामगार हे सर्व वर उल्लेखिलेल्या वर्गांतच मोडतात. ज्यांच्याकडून टक्केवारी घेतली जाते, त्यांतील बहुतेकांना वकील मोफत मिळण्याचा हक्क आहे. या सेवेत वकिलाच्या शुल्काबरोबरच न्यायालयीन शुल्क आणि कागदपत्रांचा खर्चही येतो. अर्ज पुणे येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अगर तालुका विधी सेवा समितीकडे करावा. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीनेही माहिती मिळते.

लोक अदालतीचा मार्गही उपयुक्त आहे. तेथे तडजोड झाल्यास भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. मात्र लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसते. म्हणून वर दाखविल्याप्रमाणे आपला हिशेब आधी मांडून मगच रक्कम मान्य करावी. मंजूर रक्कम दावेदाराच्या बँक खात्यात थेट जमा करण्याची पद्धत अनुसरावी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितले आहे. तेव्हा दावेदाराच्या स्वतःच्या नावाचे खाते असणे अगत्याचे आहे.

वाहन पळून गेल्यास, कामावर जाताना अपघात झाल्यास

धडक देणारे वाहन सापडलेच नाही, तरी हक्क नष्ट होत नाही. कलम १६१ आणि २०२२ च्या योजनेनुसार अशा अपघातात मृत्यूबद्दल २ लाख रुपये आणि गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये मिळतात. या अर्जाची चौकशी महसूल अधिकारी करतात. मुळशी तालुक्याचे तहसील कार्यालय पौड येथे आहे. या अर्जासंबंधी तेथे विचारणा करावी. येथे वकिलाची आवश्यकताही सहसा पडत नाही.

रात्रपाळीला जाताना झालेला अपघात हा कामाशी निगडित मानावा काय, हा जुना वाद होता. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ साली कामावर जात असताना अपघातात मरण पावला. त्याच्या कुटुंबाला भरपाईचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ जुलै २०२५ रोजी दिला. कामाची वेळ, स्थळ आणि परिस्थिती यांचा अपघाताशी संबंध दिसत असेल, तर घर ते कामाचे ठिकाण हा प्रवास नोकरीच्या कक्षेत येतो. १९२३ च्या भरपाई अधिनियमाची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून, तिच्यातही प्रवासातील अपघाताचा अंतर्भाव आहे. मोटार वाहन अधिनियम आणि कामगार भरपाईचा कायदा या दोहोंपैकी एकाच मार्गाने भरपाई मागता येते. कोणता मार्ग अधिक हिताचा, हे विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलास विचारून ठरवावे.

गावाने करावयाची कामे

उपचाराचा प्रश्न सर्वांत निकडीचा असतो. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीस निर्देशित रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोख रक्कम न भरता उपचार मिळू शकतात. उपचारासाठी पैसे हवेत म्हणून घाईने करारावर सही करण्याची वेळ त्यामुळे टळू शकते.

त्यानंतर कागदपत्रांची जुळवाजुळव येते. प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, वाहनाचे नोंदणीपत्र, चालकाचा परवाना, विमापत्राची प्रत, रुग्णालयाचे मुक्तिपत्र, औषधांची मूळ बिले, वेतनाच्या पावत्या आणि वयाचा पुरावा हे सर्व एका धारिकेत ठेवावे. वेतन रोखीने मिळत असल्यास मालकाचा दाखला आणि बँकेतील नोंदी उपयोगी पडतात. उत्पन्नाचा दाखला देताना तो खरा असावा. खोट्या दाखल्याने खरा दावाही संशयास्पद होतो.

ग्रामपंचायतीने कार्यालयाच्या फलकावर चार गोष्टी ठळकपणे लिहाव्यात : सहा महिन्यांची मुदत, विधी सेवेचा १५१०० हा क्रमांक, टक्केवारीचा करार अवैध असल्याची सूचना आणि कोऱ्या कागदावर सही न करण्याचा इशारा. ग्रामसभेत वर्षातून एकदा विधी सेवा प्राधिकरणाच्या वतीने शिबिर घेण्याची विनंती करावी. शाळेत गणिताच्या तासाला वर दिलेले उदाहरण सोडवून घेतल्यास ती माहिती मुलांमार्फत घरोघर पोहोचेल. पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक यांपैकी एकाने जरी पहिल्या आठवड्यात अपघातग्रस्ताच्या घरी जाऊन एवढे सांगितले, तरी मोठे काम होईल.

औद्योगिक पट्ट्याच्या वाढीबरोबर रस्त्यांवरील धोकेही वाढले आहेत. ते कमी करण्याचे प्रयत्न चालूच राहिले पाहिजेत. परंतु ज्यांच्यावर आघात झाला आहे, त्यांच्या वाट्याची रक्कम पूर्णपणे त्यांच्याच हाती पडावी, ही जबाबदारी गावाचीही आहे. कायद्याने दार उघडे ठेवले आहे आणि आत जाण्यासाठी कोणाला टक्के देण्याची आवश्यकता नाही. ही माहिती गरजवंताच्या कानी वेळेवर पडली, तर गमावलेला हात परत येणार नाही. पण त्या घरातील मुलांचे शिक्षण आणि दोन वेळची चूल सुरक्षित राहील.